कावळ्यासमोर दिलेला शब्द

आमच्या घरात एक नाव कोणी घेत नाही. ते माणसाचं नाही, कुत्रीचं आहे. माझ्या थोरल्या भावाने ते ठेवलं होतं आणि त्या नावाने तिला हाक मारायचा फक्त तोच. आम्ही बाकीचे सगळे ‘यू यू’वाले. दादा गेल्यानंतर बोलण्याच्या ओघात एकदा वहिनीच्या तोंडून ते नाव निघालं आणि ओटीवर झोपलेली कुत्री ताडकन उठून रस्त्याकडे धावली. तिथे दादाचा टेम्पो लागायचा. बराच वेळ ती त्या मोकळ्या जागेत उभी राहिली, मग परत येऊन वहिनीसमोर बसली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वहिनीला ते सोसलं नाही. पदराने तोंड झाकून ती आत निघून गेली, आणि त्या दिवसापासून नाव बंद झालं. मीही ते इथे लिहिणार नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. दादा धसईच्या बाजारातून भाजी आणि तांदूळ भरून कल्याणला पोचवायचा. मी शहापुरात दहावी-बारावीचे क्लास घेतो. आमच्या दोघांच्या स्वभावात काय फरक होता ते माझ्या क्लासची भिंत बघितली तरी कळेल. पहिल्या आलेल्या मुलांचे मोठे फोटो, दुसऱ्या आलेल्यांचे लहान, आणि तिसऱ्यांचे नाहीतच. माझा धंदाच नंबरांचा. तीच सवय पुढे अंगाशी आली.

कुत्री त्याला धसईच्याच बाजारात मिळाली. टेम्पोच्या मागच्या चाकाला टेकून बसलेलं पिवळसर पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला. गाडी सुरू करायची तर त्याला उचलायला हवं, म्हणून दादाने उचललं, आणि मग ठेवायचं कुठे हे न सुचल्याने शेजारच्या सीटवर ठेवलं. ती जागा तिने पुन्हा सोडली नाही. वहिनी कधी टेम्पोत बसली तर कुत्री तिच्याकडे असं बघायची की वहिनीच मांडी करून तिला जागा द्यायची.

मुरबाडच्या पुढे एका बाईंनी शेत घेतलं होतं. ठाण्याची नोकरी सोडून त्या तिथे राहायला आल्या आणि शेताच्या एका तुकड्यावर त्यांनी कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान केलं. नुसती पळायची शर्यत नाही. आडव्या दांड्यांवरून उड्या, जमिनीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळणं, मधोमध तोललेली फळी, ताडपत्रीचा लांब वाकडा बोगदा. हे सगळं ठरलेल्या क्रमाने पार करायचं. मालकाने बाजूने धावत हाताने आणि तोंडाने वाट दाखवायची, पण कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नाही. लावला की बाद. दादा तिथे बांबू उतरवायला गेला, तासभर तारेच्या कुंपणाला टेकून उभा राहिला आणि पुढच्या रविवारी आपली कुत्री घेऊन हजर झाला. ठाण्या-कल्याणहून गाड्यांतून उतरणाऱ्या मोठमोठ्या केसाळ कुत्र्यांमध्ये आमची ही एककानी. बाईंनी एका शब्दानेही नको म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

थंडीच्या दिवसांत तिथे स्पर्धा व्हायच्या. दादा प्रत्येक स्पर्धेहून पेढे घेऊन यायचा.

“कितवा नंबर?” मी विचारायचो.

“शेवटून पयला.”

“अरे मग पेढे कसले वाटतोस?”

“तिला मजा आली ना रे. तू तिचं तोंड बघाया पायजे व्हतंस.”

माझं डोकं फिरायचं. जिंकायचं नाही तर जायचं कशाला, असं मी म्हणायचो आणि तो पेढा माझ्या तोंडात कोंबायचा. पेढा मात्र मी खायचो.

मग एका सकाळी भाजी भरताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. मुरबाडला दवाखान्यात नेलं, तिथून कल्याणला नेत होते, तो वाटेतच गेला. चाळिशीही पुरती ओलांडली नव्हती. मला ते खरंच वाटत नव्हतं, कारण त्याचा टेम्पो धसईच्या बाजारात अर्धा भरलेला तसाच उभा होता.

आमच्याकडे चिता पेटल्यावर परत फिरताना मागे वळून बघायचं नसतं. बघितलं तर गेलेल्याचा पाय अडकतो म्हणतात. त्या दिवशी आम्ही सगळे तसेच खाली मान घालून नदीवरून घरी आलो. कुत्री आमच्याबरोबर गेली होती, पण परत येताना ती मागेच राहिली हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मागे कोणी बघितलंच नव्हतं. दिवेलागणीला आईने विचारलं, “कुत्री कुठं हाय?” मी परत नदीवर गेलो. ती राखेपासून हातभर अंतरावर बसली होती, दोन्ही पाय पुढे ताणून, सुटायची शिट्टी व्हायच्या आधी मैदानावर बसावं तशी. मी तिला खांद्यावर घेऊन घरी आणलं. तिच्या अंगाला धुराचा वास होता आणि तो पुढे कितीतरी दिवस ओटीवर येत राहिला.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

समोरच्या आंब्यावर कावळे होते, खाली उतरत नव्हते. सगळे एकेक करून पिंडापुढे हात जोडून बोलू लागले. आई म्हणाली, सुनेला मी लेकीसारखी ठेवीन. वहिनी म्हणाली, पोरीला शिकवीन, टेम्पो विकणार नाय. कावळे मान वाकडी करून ऐकत होते, उतरत नव्हते. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणजे तोच शिववून मोकळं व्हायचं. मला ते बघवेना. दादाची इच्छा अडली आणि आम्हाला कोणालाच ती ओळखता आली नाही, ही भावना फार वाईट असते. मी पुढे झालो, डोळे घट्ट मिटून हात जोडले आणि म्हणालो, “दादा, तुजी कुत्री मी पळवीन. तिला स्पर्धेला नेईन. पयला नंबर आणीन.” मागे कोणी हूं की चूं केलं नाही, कारण कावळा उतरला असेल तर आवाजाने उडू नये म्हणून सगळे श्वाससुद्धा धरून असतात. आईने माझा दंड दाबला तेव्हा मी डोळे उघडले. पिंडाचा शेंडा मोडलेला होता.

ह्या गोष्टीवर कोणी हसेल तर हसू दे. मी गणित शिकवतो, कावळ्याला भूक लागली की तो खातो हे मलाही कळतं. पण ज्याचा भाऊ गेला आहे आणि ज्याच्या तोंडून शब्द निघाल्यावर कावळा शिवला आहे, त्याला ते गणित उपयोगी पडत नाही. मी पहिला नंबर कबूल केला होता आणि तो आणल्याशिवाय दादा सुटणार नव्हता, एवढंच मला समजत होतं.

मी कामाला लागलो. क्लासला जायच्या आधी रोज सकाळी घरामागच्या शेतात. दादाने केलेले दांडे होते, काठ्या होत्या, जुन्या ताडपत्रीचा बोगदा होता. मोबाइलवर वेळ लावायचो. उड्या ती सुरेख मारायची, काठ्यांमधून सुतासारखी जायची, तोललेल्या फळीवर तर अशी चालायची की बघत राहावं. मी ते बघत नसे, मी मोबाइल बघत असे. आणि मग यायचा बोगदा. ती एका तोंडाने आत शिरायची आणि आतच राहायची. भुंकणं नाही, धडपड नाही. ताडपत्रीच्या त्या पोटात एक जिवंत वजन बसलेलं दिसायचं आणि बाहेर मी ‘यू यू’ करून घसा कोरडा करायचो. बऱ्याच वेळाने ती आपल्या मनाने बाहेर यायची, माझ्याकडे बघायची, मग माझ्या पलीकडे बघायची.

तिची ती नजर माझ्या मनात जाऊन बसली. टेम्पो यायच्या वेळेला ती आजही रस्त्याशी जाऊन बसते. पण त्या दिवसांत मला वाटू लागलं की ती नुसती वाट बघत नाही, तिला काही दिसतं. ओटीच्या ज्या खांबाला टेकून दादा चहा प्यायचा त्या खांबाकडे बघून ती शेपूट हलवायची, हळू, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. आई त्या खांबाशी कोणाला उष्टं सांडू द्यायची नाही. मी त्या खांबाजवळून जाताना अंग चोरून जायचो. क्लासच्या फळ्यावर लिहितानासुद्धा मला मागे कोणीतरी हातात पेढ्याचा पुडा घेऊन उभं आहे असं वाटायचं, आणि मी वळायचो तर पोरं माझ्याकडे बघत असायची.

पहिल्या स्पर्धेला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथे एक रीत मला नवी होती. शर्यतीच्या आधी कुत्री बाजूला बांधून ठेवतात आणि मालकांना मोकळं मैदान फिरून घ्यायला देतात, म्हणजे कुठे वळायचं, कुठे हात करायचा ते ध्यानात राहतं. मी बघितलं तर दहा-बारा माणसं सकाळच्या धुक्यात शेजारी काहीच नसताना हात पुढे करत, वाकत, ‘शाब्बास’ म्हणत धावत होती. प्रत्येकाच्या बाजूला एक न दिसणारं कुत्रं. सगळ्यांना ते इतकं साधं वाटत होतं, न दिसणाऱ्याशी बोलत पळणं. मीही हात पुढे केला आणि निघालो, पण माझ्या बाजूला कुत्रं धावत नव्हतं. कोण धावत होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याच्या चपलेचा आवाजही मी ओळखला असता.

त्या दिवशी कुत्री बोगद्यात बसली ती बसलीच. आम्ही खालून दुसरे आलो. सगळ्यात खाली होत्या वाशिंदच्या एक निवृत्त नर्सबाई, त्यांच्या लठ्ठ लॅब्रडॉरसकट. त्याने एकूणएक दांडे पाडले आणि शेवटच्या दांड्याशी येऊन आडवाच झाला. बाई हसता हसता त्याच्या शेजारी गवतात बसल्या. मला त्यांचा राग आला. एवढं हसू कशाचं येतं ह्यांना!

मैदानवाल्या बाईंनी मला चहा दिला. “तुमच्या भावाबरोबरही ती बोगद्यात अशीच बसायची,” त्या म्हणाल्या.

“मग तो काय करायचा?”

“काय करणार! पलीकडच्या तोंडाशी आडवा पडायचा आणि आत डोकं घालायचा. बाद व्हायचा आणि आत डोकं घालून तिच्याशी गप्पा मारायचा. आम्ही वेळ थांबवून ठेवायचो.”

मला ते ऐकून दादाची कीव आली. म्हणजे शेवटून पहिला येण्याचं कारण हे. तिची ही खोड त्यानेच लावली होती, आणि आता त्याच्या सुटकेच्या आड तीच येत होती. ही खोड मोडायची असं मी घरी येताना ठरवलं.

बोगदा आखूड केला. पलीकडे उकडलेली कलेजी ठेवली. एकदा उपाशी ठेवून बघितलं. ती आत जायची आणि बसायची. दर सकाळी माझा आवाज चढत गेला. एके दिवशी मी इतका तापलो की ताडपत्री धरून उचलून झटकली, पोतं रिकामं करावं तशी. कुत्री बाहेर घरंगळली, उभी राहिली आणि काही न करता मान खाली घालून माझ्यापुढे बसली. मी रडायला लागलो. शेतात उभ्या-उभ्या, मोबाइल हातात, वेळ चालूच.

वहिनी पलीकडे वाल तोडत होती. ती टोपली ठेवून आली.

“भावजी, एवढं का करता हो तिला? तिचा जीव जाईल आन् तुमचा पन.”

“वयनी, शब्द दिलाय मी. तुमच्यादेखत दिलाय. पयला नंबर आल्याबिगर दादा सुटायचा नाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “कोन म्हनलं?”

“म्हंजे? नंबराचं बोललो तवाच ना कावळा शिवला!”

“तवा नाय,” वहिनी म्हणाली. “तुमी डोळं मिटलं व्हतं. आमी बघत व्हतो. ‘तुजी कुत्री मी पळवीन’ म्हनलात आन् त्यो खाली उतरला. लगेच. तुमी पुढं नंबराचं बोलत व्हतात तवर त्यो घास घेऊन आंब्यावर बसला पन व्हता.”

“मग मला सांगितलं का नाय इतके दिस?”

“मला काय ठावं तुमी नंबराला धरून बसलाव! रोज सकाळी शेतात जाता, मला वाटलं तुमाला पन त्याच्यासारखी गोडी लागली.” तिने कुत्रीच्या पडलेल्या कानावरून हात फिरवला. “त्याला कधी नंबर पायजे व्हता, भावजी? तुमाला पायजे असतो.”

वहिनी टोपली उचलून गेली. मी तिथेच बांधावर बसलो आणि कुत्री माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली, नदीवर बसली होती तेवढंच अंतर. आंब्याखालचं ते सगळं मी पुन्हा आठवून बघितलं. पळवीन म्हटलं आणि तो उतरला. म्हणजे दादा केव्हाच सुटला होता. धरून बसलो होतो तो मी.

त्यानंतर मी मोबाइल घरी ठेवून शेतात जाऊ लागलो. वेळ मोजायची नाही म्हटल्यावर बघायला पुष्कळ मिळतं. उडी मारताना ती पुढचे पाय छातीशी घेते. काठ्या संपल्या की स्वतःवरच खूष होऊन एक गिरकी मारते, आणि ही गिरकी वेळ खाते म्हणून मी आजवर तिला दटावत होतो. बोगद्यात बसली की मी बाहेर बसायचो आणि आपापल्या वेळेने दोघं घरी यायचो. डोकं मात्र आत घालत नव्हतो. तेवढं मला जमत नव्हतं. तिथे तिला कोणाचं तोंड बघायचं आहे हे कळल्यावर, तिथे आपलं तोंड कसं न्यायचं?

पुढच्या हंगामाची स्पर्धा भात कापून झाल्यावर आली. शेतं मोकळी, धसकटांवर दव, मागे सह्याद्रीची निळी भिंत. मी साधा, चुरगळलेला शर्ट घातला. मोकळं मैदान फिरताना हात पुढे केला आणि माझ्या बाजूला जो कोणी धावत होता त्याला धावू दिलं. नर्सबाईंनी मला हात केला, त्यांचा लॅब्रडॉर आणखी लठ्ठ झाला होता. मी हसलो. कुत्रीचा पट्टा सोडला आणि आम्ही निघालो.

असं ती कधी पळाली नव्हती. एकही दांडा हलला नाही. फळीवरून ती अशी गेली की फळीचा आवाजही आला नाही. मी धापा टाकत, हसत तिच्या बाजूने धावत होतो आणि कुंपणापाशी उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली होती. बाई ओरडल्या, “पुढे आहात, सगळ्यांच्या पुढे!” क्लासच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोची जागा मला क्षणभर दिसली, खोटं कशाला बोलू. मग बोगदा आला. ती आत शिरली आणि थांबली.

नुसता बाहेर उभा राहिलो असतो तर ती आपल्या मनाने आली असती, आणि इतकी पुढे होती की कदाचित पहिलीही आली असती. मी पलीकडच्या तोंडाशी गेलो, गुडघ्यांवर बसलो, मग पोटावर आडवा झालो आणि आत डोकं घातलं. मागे कोणीतरी “अहो, बाद व्हाल!” म्हणालं. आत ताडपत्रीचा उबट वास होता. वळणापाशी तिचे डोळे चमकत होते. मी तिला तिच्या नावाने हाक मारली. मोठ्याने नाही. दादा मारायचा तशी, शेवटचं अक्षर जरा लांबवून.

तिचा पडलेला कान हलला. ती उठली, सरपटत आली, माझ्या गालाला नाक लावलं, सगळा चेहरा चाटला. मी तिला कवेत घेऊनच मागे सरकत बाहेर आलो आणि गवतात बसलो. तिने हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली. मग ती एकदम ताठ झाली, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागली आणि तिची शेपूट हलू लागली. हळू, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

माझ्या पाठीला ते जाणवत होतं. मी मागे वळून बघितलं नाही. तिला मात्र बघू दिलं, तिचं बघून होईपर्यंत.